वाघमारे काकांची खात्री

आमच्या शेजारचे वाघमारे काका फोनला विचारल्याशिवाय पोहेसुद्धा खात नाहीत. मी बशी पुढे केली की खिशातून फोन निघतो. "थांब, खात्री करू." मग सत्तरीत शेंगदाणे चालतात का, हे तीन ठिकाणी वाचून होतं. तोवर पोहे गार. मग गार पोहे पुन्हा गरम केलेले चालतात का, याची खात्री.

इंग्लंडातल्या लीड्समध्ये आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. काका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तीस वर्षं रक्त तपासून रिटायर झाले. काकू गेल्या, मुलगी रश्मी एडिनबराला असते. पाऊस पडतोय का, हे काका खिडकीत उभे राहून फोनवर बघतात. विहारात भन्तेजी म्हणाले, "सर्व काही अनित्य आहे," तर पहिल्या रांगेतून हळूच आवाज आला, "थांबा, खात्री करू."

अशा माणसाला खटल्याचा निकाल द्यायला बसण्याचं, ज्युरी ड्युटीचं, कोर्टाचं पत्र आलं. त्यांनी पहिल्यांदा काय शोधलं? ज्युरी ड्युटी कशी टाळावी. मी भडकले. मी चळवळीची पत्रकं छापणाऱ्या घरात वाढलेय. माझं भडकणं दोन्ही बाजूंनी छापून येतं.

"काका, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी बारा माणसं निवडतात. आडनाव कुठलं, बाप कोण, कुणी विचारत नाही. न्याय करायला आपल्याला कुणी बसवावं म्हणून माणसं पिढ्यान्‌पिढ्या भांडली, आणि तुम्ही गुडघ्याचं कारण देताय?"

"पुरे गं बाई! जातो. पण माझ्यावर पत्रक काढू नकोस."

पहिल्या दिवशी काका पांढरेफटक होऊन परतले. जजनं बजावलं होतं: केसबद्दल इंटरनेटवर काही शोधायचं नाही, घरी बोलायचं नाही. शोधाल तर तुरुंगात जाल.

"अहो, फक्त केसबद्दल," मी म्हटलं. "बसची वेळ बघा की."

"आज बसची वेळ बघीन. उद्या बोट घसरेल. मी मला ओळखतो."

त्यांनी फोन लोकरीच्या मोज्यात घातला, मोज्याला गाठ मारली आणि माझ्या हातात दिला. सोबत एक वही. "कुणाचा फोन आला तर यात लिही. रश्मीचा आला तर सांग, बाबा ज्युरीत आहेत, बरे आहेत. निकालापर्यंत मला मात्र काही सांगायचं नाही. तिच्याशी बोललो की सगळं सांगून बसेन."

"तिला अजून कळवलं नाहीत? करा की फोन."

"ती कामात असते. तिचा आला की सांगायचं."

मग आमच्या बोलण्यावर सेन्सॉर बसला. काय केसमध्ये असेल, काय नसेल! सोमवारी हवामान बंद. मंगळवारी गाड्या, कुत्री आणि सिटी कौन्सिल बंद. कोबीवर आम्ही दोन दिवस काढले. गुरुवारी त्यांनी कोबीवरही बंदी घातली. त्या खटल्यात कोबी कुठून आला, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

रोज संध्याकाळी मोजा माझ्या टेबलावर थरथरायचा. गाठ सोडून बघावं तर स्क्रीनवर 'घर'.

"हॅलो?"

"मी बोलतोय." आवाज फोनमधूनही यायचा आणि भिंतीतूनही. "वाजतोय ना?"

"वाजतोय, काका."

"मग ठीक. काही सांगू नकोस."

नवव्या दिवशी निकाल लागला. काका ताठ मानेनं आले. आतल्या खोलीत काय बोलणं झालं ते सांगणार नाही म्हणाले. ते सांगणंही गुन्हा. "पण एक सांगतो. अकरा माणसं माझ्याकडे वळून बसली होती. मला म्हणाली, तुम्हाला काय वाटतं? कुणाच्याही हातात फोन नव्हता."

मी पोहे पुढे केले. काका म्हणाले, "आधी वही."

मी दिली. दातांच्या दवाखान्याचा एक फोन. आठ वेळा 'घर'. काकांनी पान उलटलं. मागची बाजू कोरी होती.

माझ्या डोक्यात पत्रक तयार झालं होतं. मोज्यातून काढून मी फोन त्यांच्यापुढे आपटला. "उघडा रश्मीचं इंटरनेटवरचं पान! रोज फोटो टाकत असणार. सगळ्या जगासाठी वेळ आहे तिच्याकडे. एका मिनिटात पुरावा मिळेल."

काकांचा अंगठा स्क्रीनपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"नको. बाहेर शोधायचं नाही. समोर आलंय तेवढ्यावरच ठरवायचं."

"समोर कोरं पान आलंय, काका!"

"काम असेल. बरं नसेल. फोन बिघडला असेल." त्यांनी वही मिटली. "जज काय म्हणाले माहितीये? पूर्ण खात्री असेल तरच दोषी. मला खात्री नाही."

"मग करा ना खात्री!" त्यांचंच वाक्य आता मी त्यांना ऐकवत होते.

"निर्दोष," काका म्हणाले. त्यांनी फोन पुन्हा मोज्यात सरकवला, गाठ मात्र मारली नाही, आणि कुणालाही न विचारता बशी ओढून घेतली.

पोहे गार झाले होते. तसेच खाल्ले.