एका निर्णयासाठी प्रार्थना

दिल्लीत मुनिरक्याच्या त्या गल्लीत ऊन थेट कधी येत नसे. समोरासमोरच्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या होत्या की सूर्य आधी पलीकडच्या गच्चीवरल्या स्टीलच्या टाकीवर उतरायचा, तिथून निहारच्या खिडकीच्या गजांवर, गजांवरून वाळत घातलेल्या टॉवेलवर, आणि मग, बराच विचार केल्यासारखा, टेबलावरच्या वहीवर. तोवर ते ऊन राहिलेलं नसे. ताकाइतका पातळ, जरासा थरथरता उजेड तेवढा उरे. निहार तो थरथरताना पाहत बसे, कारण ऐकू काहीच येत नसे.

चाळीस दिवस तो देवाचा आवाज ऐकायला बसत होता. दिल्लीतल्या मराठी ख्रिस्ती मंडळींच्या शनिवारच्या प्रार्थनेत एका पाहुण्या पाळकांनी पद्धत सांगितली होती: सकाळी वीस मिनिटं गप्प बसायचं, मनात येईल ते वहीत लिहायचं, आणि त्यातलं देवाचं कोणतं व आपलं कोणतं ते प्रार्थनेने पारखायचं. पहिल्याच सकाळी निहारने लिहिलं होतं, 'दादाला सांगून टाक.' मग ते खोडून समासात नोंदवलं, 'हा माझाच विचार दिसतो.' पुढच्या एकोणचाळीस पानांवर पाण्याची मोटर, शेजारचा कुकर आणि कचऱ्याच्या गाडीचं गाणं.

दादा म्हणजे राजीव, नोएडात राहणारा थोरला भाऊ. तीन महिन्यांपूर्वी त्याने नवं घर घेतलं, घरसमर्पणाची उपासना ठेवली, आणि चाळीस पाहुण्यांसमोर पहिलं गीत निहारने पेटीवर म्हणायचं असं परस्पर ठरवून टाकलं. त्या रविवारी सकाळी निहारने मेसेज केला, ऑफिसचं काम निघालंय. राजीवने उलट लिहिलं, 'तुला घरची माणसं नकोच आहेत.' त्यानंतर दोघांत एक शब्द नाही. आधी फोन कोणी करायचा, एवढंच निहारला देवाकडून हवं होतं. प्रार्थनेत तो सगळी हकीकत ऑफिसपासूनच सुरू करी. 'दादाने करावा' असं उत्तर आलं असतं, तर ते त्याने खोडलं नसतं.

चाळिसाव्या दिवशी वैतागून त्याने मंडळीच्या ग्रुपवर लिहिलं, 'कृपया एका निर्णयासाठी प्रार्थना करावी.' कोणता निर्णय, हे लिहायला त्याला संकोच वाटला. पुढचा सगळा घोटाळा त्या संकोचाने केला. दहा जणांचे आजार नावानिशी सांगितले तरी मंडळी निवांत झोपतात; न सांगितलेली एक विनंती मात्र कोणाचा डोळा लागू देत नाही.

दुसऱ्याच दिवशी नीलामावशींचा फोन आला. मंडळीतली निम्मी लग्नं त्यांनी जुळवली होती.

"निहार, कळलं रे मला. लाजायचं काय त्यात? प्रभूने आज चहा गाळतानाच मला मुलगी दाखवली."

"मावशी, पण माझा विषय जरा..."

"फरीदाबादची अबोली. शाळेत शिकवते. तिच्या आईच्या कानावर घालून ठेवलंय मी."

तो सावरतो न सावरतो तोच सुधाकरकाका. काका निवृत्त अवर सचिव होते, आणि देवाची इच्छा अजूनही मंजूर झालेल्या फायलीसारखी कळवत.

"तुला सेवेचं पाचारण झालंय. मला दोनदा स्पष्ट सांगण्यात आलं."

"काका, मी कोडिंग करतो."

"प्रभूने बोलावलं तेव्हा शिष्य मासे धरत होते. पुण्याहून पाळकांच्या कॉलेजचा फॉर्म मागवलाय. तू फक्त सही कर."

निहार दोघांनाही "बघतो" म्हणाला, आणि दोघांनीही ते आमेन समजलं.

शनिवारी सकाळी हिंदूराव हॉस्पिटलजवळ काकांच्या घरी उपासप्रार्थना होती. तिथे दोन्ही संदेश एकाच सतरंजीवर समोरासमोर आले.

"पाळक?" मावशी म्हणाल्या. "अबोलीच्या आईला मी आयटीवाला सांगितलाय. आता कोणत्या तोंडाने पाळक सांगू?"

"देवाने सांगितलंय ते सांगा."

"देवाने मला वेगळं सांगितलंय."

"मग नीट ऐकलं नसेल. चहा गाळत होता ना तुम्ही?"

"आणि तुम्ही कुठे ऐकलंत?"

"रिजवरच्या जंगलात. मॉर्निंग वॉकला."

"तिथे माकडं असतात."

निहारने घसा साफ केला. "काका, मावशी, मी खरं तर वेगळ्याच..."

"तू थांब," दोघे एकदम म्हणाले. आठवडाभरात त्यांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

शेवटी काकांनीच तोडगा काढला. "अच्छा, ह्याच्या थोरल्या भावाला विचारू. घरचा माणूस, त्याला बिल्कुल माहीत असणार."

"काका, नको. दादा बिझी असतो."

पण फोन लागला होता, आणि तोही स्पीकरवर.

"राजीव बेटा, तुझ्या भावाचा एक निर्णय अडकलाय. लग्न की सेवा, तूच सांग."

पलीकडे मागे कुठेतरी मिक्सर चालू होता, तो बंद झाला.

"तो आहे का तिथे?"

"हा काय, समोरच बसलाय."

"निहार." तीन महिन्यांनी ऐकलेला तो आवाज जरा बसलेला होता, सर्दी झाल्यासारखा. "लग्न कर नाहीतर पाळक हो, मला आनंदच आहे. मी एकच विचारतो. तुझ्यासाठी मी पेटी आणून ठेवली होती. दुपारपर्यंत तिला कोणी हात लावला नाही. त्या दिवशी खरंच ऑफिस होतं?"

सतरंजीवर कोणी हललं नाही. मावशींनी प्रार्थनेला मिटतात तसे डोळे मिटले, कान मात्र उघडे ठेवून. काकांनी फोन दोन बोटं पुढे सरकवला. चाळीस सकाळी शोधून न सापडलेली शांतता निहारला इथे आयती मिळाली होती. त्याला वहीचं पहिलं पान आठवलं, ती खोडलेली ओळ, आणि खोडताना पेन इतकं जोरात दाबलं होतं की ती रेघ पुढच्या चार पानांवर उमटली होती, तेही.

"नाही, दादा," तो म्हणाला. "त्या रविवारी ऑफिसला सुट्टी होती."