साळूआत्याचा रुमाल आधी पोहोचतो

एका जंगलात एक साळू राहायची. तिच्या अंगावर हे एवढाले काटे, त्यामुळे उभ्या जन्मात तिला कुणी खेटून बसलं नव्हतं. पंगतीत, कीर्तनात, पाणवठ्यावर, तिच्या चारी बाजूंना ऐसपैस जागा असायची. तरीही कुठेही गेली की साळू आधी रुमाल टाकून जागा धरायची. मुलांनो, हसू नका. तुमच्या घरचेही हेच करतात.

त्या जंगलात कायदे उदंड होते आणि ते कुणीच पाळत नसे. रुमालाचा कायदा मात्र कुणी केलेलाच नव्हता, म्हणून तो सगळे पाळत. रुमाल पडलेल्या जागेवर वाघसुद्धा बसत नसे. तो आपला बाजूला उभा राहून जांभया द्यायचा.

साळूला एक धाकटा भाऊ होता, काटू. आईबाप लवकर गेले, तेव्हा साळूनेच त्याला लहानाचा मोठा केला. मोठा झाल्यावर तो दूर बर्फाच्या देशात बिळं खणायच्या नोकरीवर गेला. तिथेच त्याने लग्न केलं, आणि त्याला मुलगा झाला. बारशाचं बोलावणं आलं. नाव ठेवण्याचा मान आत्याचा. साळूने नाव केव्हाच ठरवलं होतं: भालोजी. तिच्या वडिलांचं. ते नाव घेणारं तिच्याशिवाय आता कुणी उरलं नव्हतं, आणि त्याचं तिला फार वाईट वाटायचं.

पण काटूने निरोपात बजावलं होतं, की ताई, इकडे वेळ म्हणजे वेळ. सूर्य डोक्यावर येईपर्यंत तू पोहोचली नाहीस, तर नाव माझ्या सासूबाई ठेवतील. सासूबाईंच्या मनात 'हिमू' होतं.

"हिमू," साळू म्हणाली. "काट्यांच्या पोराला?"

तिने डिंकाचे लाडू बांधले, मेतकूट बांधलं, आणि निघाली.

जहाजातून उतरून ती बर्फाच्या देशातल्या स्टेशनावर आली. तिथली रेल्वे पेंग्विन चालवत. साळूने थेट काटूच्या बिळापर्यंतचं तिकीट काढलं आणि हरवू नये म्हणून रुमालाच्या टोकाला गाठ मारून त्यात बांधलं. तेवढ्यात गाडी आली. दारं आपोआप उघडली. कुणी ढकललं नाही, कुणी कुणाची आई काढली नाही. साळूला शंका आली. जिच्यात चढायला कुणी जिवाचं रान करत नाही, ती गाडी नक्की कुठे जाते तरी का?

डबा रिकामा होता. तुम्ही-आम्ही असतो तर आत जाऊन बसलो असतो. आपण तरी कुठले बसतो म्हणा. जित्याची खोड. साळूने खिडकीच्या फटीतून रुमाल आत टाकला. तो बरोबर खिडकीजवळच्या जागेवर पडला. मग ती निर्धास्त मनाने तांब्या भरून घ्यायला गेली.

तिच्या जंगलात गाडी हत्ती चालवायचा, आणि त्याची केळी संपेपर्यंत गाडी हलायची नाही. पेंग्विन केळी खात नाहीत. साळू तांब्या भरून वळली, तर रूळ मोकळे.

ती धावत स्टेशनमास्तरांकडे गेली. "मास्तर, माझी गाडी गेली. मी जागा धरली होती हो."

मास्तरांनी फोन लावला आणि मान डोलावली. "काळजी नको. प्रवासी व्यवस्थित बसले आहेत. तिकीट बरोबर आहे."

"प्रवासी मी आहे. तो माझा रुमाल आहे."

"तिकीट कुणाकडे आहे?"

"रुमालाकडे."

"मग?" मास्तर अगदी सौम्यपणे म्हणाले.

साळूने दुसरं तिकीट मागितलं. मास्तरांनी समजावलं, की एक प्रवासी एकाच वेळी दोन गाड्यांत असणं या देशात आजवर घडलेलं नाही, आणि त्यांच्या हातून ते घडणार नाही. साळूच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून मास्तर अस्वस्थ झाले. विचार करून त्यांना एक वाट सुचली. प्रवासी पुढे गेले, सामान मागे राहिलं, असं तर नेहमीच होतं. सामान पुढच्या मालगाडीने पाठवता येतं.

"चालेल," साळू म्हणाली. अडला हरी, मुलांनो. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

तिच्या गळ्यात 'रुमाल यांचे सामान' अशी चिठ्ठी अडकवून तिला चीजच्या पिंपांमध्ये उभं केलं. कडेने लिहिलं होतं: टोकदार, जपून उचला.

मालगाडी प्रत्येक स्टेशनावर थांबे, आणि प्रत्येक स्टेशनावर हमाल पेंग्विन रुमालाचं कौतुक करत. किती सभ्य प्रवासी. शेजाऱ्याला पगार विचारला नाही. डब्यात लाडू वाटले नाहीत. शेवटपर्यंत एका शब्दाने कुणाला त्रास नाही. असे पाहुणे आले तर देशाचं भलं होईल. साळू पिंपाला टेकून ऐकत होती. ज्या फडक्याने आपण घाम पुसला, ते आपल्यापेक्षा परदेशात शोभून दिसलं, हे तिला लागलं. आणि सूर्याकडे तर तिला बघवेना. तो डोक्यावर आला आणि पलीकडे उतरूही लागला. भालोजी गेले, तिला वाटलं. आता मात्र कायमचे गेले.

काटूच्या बिळाशी तिला उतरवलं, तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. आत पाळणा सजलेला होता. एका बाजूला सासूबाई गाल फुगवून बसल्या होत्या. पाळण्याशेजारी गाडीचा पेंग्विन गार्ड ताठ उभा होता. आणि पाळण्यात, बाळाच्या कानाशी, साळूचा रुमाल.

झालं होतं असं. गार्डने रुमाल मानाने घरी आणून सोडला. काटूने तो पाहिला. परदेशात राहून तो बदलला होता, पण त्या जंगलातलाच ना. त्याने रुमाल उचलून बाळाच्या कानापाशी ठेवला. वेळ झाली तशा सासूबाई 'हिमू' म्हणायला वाकल्या, आणि गार्ड मध्ये आला.

"तिथे प्रवासी बसले आहेत," तो म्हणाला. "तिकीट घेऊन आले आहेत. त्यांना उठवता येणार नाही."

तेव्हापासून सगळे तसेच बसून होते. त्या देशाच्या इतिहासात पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीला उशीर झाला होता.

"ताई," काटू म्हणाला. "मला माहीत होतं, तू येणार. जागा धरली होतीस ना."

साळूने रुमाल उचलून आधी डोळे पुसले. मग वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि वडिलांचं नाव घेतलं. भालोजींनी डोळे उघडले आणि आत्याचा काटा धरला.

गार्डने साळूच्या गळ्यातली चिठ्ठी वाचली आणि नोंद केली, की नाव रुमालाने ठेवलं, सामानाने ते फक्त मोठ्याने म्हटलं.

परतीच्या प्रवासात रुमालाला खिडकी मिळाली. साळू पुन्हा पिंपांत उभी राहून आली, पण या वेळी तिने पेंग्विन हमालांना लाडू वाटले, आणि त्यांनी ते खाल्ले.

तात्पर्य: परदेशी जाताना वेळ पाळावी, रांग लावावी, हळू बोलावं, असं शहाणी माणसं सांगतात. सांगू द्या. आपण रुमाल न्यावा. मात्र तो स्वच्छ धुतलेला असावा, कारण सगळा मानसन्मान त्याचाच व्हायचा आहे.