ठसेपेटीच्या कपाटावरील स्वारीची हकीकत

परीक्षा खात्याचे धनी, शिक्क्याचे मालक, मेहेरबान साहेब यांसी साफ लिहिण्यात येते की, खोटे तुम्ही केलेत. गुन्हेशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे प्रात्यक्षिक पुरे जाहले, ऐसा दाखला तुमच्या शिक्क्याने निघतो, आणि ते प्रात्यक्षिक कोणी डोळ्यांनी पाहिले नाही हे तुम्हांस पुरते ठाऊक असते. म्हणोन ही हकीकत. ऐकावयास मन नसेल तरी ऐकावी.

कॉलेजातील गुन्हेशास्त्र विभाग तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या शेवटी, झेरॉक्सच्या खोलीस लागून. तेथील विभागप्रमुख बहुत मातबर. ज्ञानाचे सागर, तासाला येण्याचे वैरी. त्यांच्या पदरी एक पोलादी कपाट, आणि कपाटात बोटांचे ठसे उचलावयाची पेटी: काळी पावडर, मऊ ब्रश, चिकटपट्टी, भिंग, ऐसा सरंजाम. कपाटास कुलूप. किल्ली हरवोन सहा वर्षे जाहली, ऐसे या विभागप्रमुख साहेबांचे जाहीर वचन. मग प्रात्यक्षिक कैसे चालावे? तर हुकूम ऐसा की, ब्रश हाती आहे ऐसे कल्पावे. मग चाळीस जण बाकांसमोर उभे राहात आणि मोकळी मनगटे हवेत फिरवीत, आणि जो अधिक गंभीर तोंडाने फिरवी त्यास अधिक गुण. आणि वहीत उचललेला ठसा म्हणोन काय काढावे? साहेबांनी स्वतःच्याच उजव्या अंगठ्याचा ठसा ताटाएवढा मोठा करवून, चौकटीत घालून फळ्याच्या वर टांगिला होता, तो काढावा. ऐसा एकच अंगठा सर्वांनी तीन वर्षे इमानेइतबारे गिरविला.

त्या फौजेत एक मुलगी. घरी तिला चौकशीबाई म्हणत, कारण लहानपणापासून ‘कशावरून?’ विचारल्याशिवाय ती घास गिळत नसे. गुन्हा घडल्या जागी जाऊन पुरावा गोळा करण्याची नोकरी तिला हवी होती, दुसरी कोणतीच नको. अर्ज केला, आणि बोलावणे आले की, शुक्रवारी हजर व्हावे, समोर काचेचा पेला ठेवण्यात येईल, त्यावरील ठसा उचलून दाखवावा. प्रात्यक्षिकात तिला पैकीच्या पैकी गुण, आणि ब्रश कोणत्या टोकाला धरतात ते ठाऊक नाही! ऐसा प्रसंग गुदरला.

सोमवारी ती पेटी मागण्याचा अर्ज घेऊन साहेबांच्या दालनी गेली. साहेबांनी अर्ज वाचला नाही आणि फर्माविले की, पेटी वापरली तर संपेल, आणि संपली तर तपासणीस येणाऱ्यांना काय दाखवावे. शिवाय किल्ली नाही. शिवाय पूर्ण गुण पदरी पडले असता पुन्हा शिकण्याचा हट्ट धरणे ही गुरूची बेअदबी होय. मग ती भांडाराच्या कारकुनाकडे गेली. हे काका पंचवीस वर्षे कॉलेजच्या किल्ल्या सांभाळीत.

“पोरी, त्या कपाटाचं नाव काढू नकोस. बंद आहे ते.”

“कशावरून, काका?”

“कशावरून म्हणजे? कुलूप दिसत नाही?”

“कुलूप दिसतं. पण सगळ्या कपाटावर बोटभर धूळ आणि मूठ तेवढी चकाचक?”

काकांनी चष्मा पुसला, आणि त्यांना एकाएकी खालच्या मजल्यावर जरुरीचे काम निघाले.

मग घरी मसलत बसली. आईचे ब्यूटी पार्लर. मऊ ब्रशांचा साठा तिच्याच पदरी.

“गालाला रंग लावायचा ब्रश आहे तो. त्यानं चोर पकडणारेस?”

“आधी हातात तर दे.”

“घे. पण धुऊन आण हो. उद्या गिऱ्हाइकाच्या तोंडाला काळं फासलं तर तू येणारेस का निस्तरायला?”

मग चौकशीबाईने पेन्सिलीचे शिसे ब्लेडने खरवडून, वाटीत घोटून दारूगोळा सिद्ध केला, आणि घरातील पेल्यांवर हल्ला चढविला. पहिला ठसा फासला, दुसरा पुसला, तिसरा चिकटपट्टीसंगे फाटला, आणि मंगळवार पडला. बुधवारी ब्रश दाबायचा नसतो, नुसता फिरवायचा असतो, हे हातास उमगले, आणि बाबांच्या चष्म्यावर बाबांचा अंगठा लख्ख उमटला. बाबा म्हणाले, “झालं ना? दे आता पुसून. मी काय दरोडा घातलाय?” परंतु शिसे ते शिसे. शुक्रवारी खरी पावडर समोर येणार, आणि ती कपाटात कैद.

बुधवारी संध्याकाळी तिने काकांच्या देखत कपाटाची मूठ फडक्याने घासून पुसली. गुरुवारी दुपारी मुठीवर शिसे फिरविले. एक अंगठा वर आला: भोवऱ्यासारखा, मधोमध जुन्या जखमेची तिरपी रेघ. चौकशीबाईला भिंग लागले नाही. हाच अंगठा तिने वहीत अकरा वेळा काढला होता.

मग तिने तो चिकटपट्टीवर उचलला, पांढऱ्या कार्डावर डकविला आणि थेट दालन गाठले, आणि नम्रपणे विचारले की, सर, हा कोणता प्रकार? साहेब खुलले.

“वा! चक्राकार. आणि ही जखमेची रेघ बघ, किती सुरेख आलीय! कुठून उचललास?”

“कपाटाच्या मुठीवरून, सर. काल संध्याकाळी पुसली होती. काका साक्षीला आहेत.”

मग साहेबांनी खिशातून किल्ली काढली आणि दफ्तरी नोंदण्याचा हुकूम केला की, किल्ली आजच, अथक शोधाअंती सापडली. कपाट उघडले. आत एक केटल, बिस्किटांचे पुडे, दुपारच्या झोपेची उशी, सपाता, आणि सर्वांत मागे ठसेपेटी. साहेबांनी तहाचे बोलणे लाविले की, पेटी एकटीने तासभर वापरावी आणि वाच्यता करू नये. चौकशीबाई म्हणाली, “एकटीनं नाही, सर. सगळ्यांनी. आणि दार उघडं ठेवून.” मग चाळीस जण आले, आणि खरा ब्रश हाती येताच निम्म्यांनी सवयीने तो हवेतच फिरविला.

येणेप्रमाणे कपाट फत्ते जाहले. शुक्रवारी चौकशीबाईने पेल्यावरील ठसा पहिल्याच फटक्यात उचलला आणि नेमणुकीचा कागद घेऊन ती घरी आली. आईचा ब्रश धुऊन परत केला. हा विजय दफ्तरी कायम नोंदला असे.

आता एक नोंद तुमच्यासाठी, परीक्षा खात्याचे साहेब. पेटी बाहेर निघाली तेव्हा तिच्यावर कारखान्याचे सील होते, ते काकांनी सर्वांदेखत फोडले. म्हणजे सहा वर्षे त्या पावडरीस कोणाचे बोट लागले नाही. त्या सहा वर्षांत तुमच्या शिक्क्यानिशी, पूर्ण गुणांनी पास होऊन कितीतरी जण ठसे उचलण्याच्या नोकऱ्यांवर रुजू झाले, आणि त्यांच्या कागदांवर विसंबून माणसे तुरुंगात गेली. त्यांतली किती निर्दोष होती? सांगा. लेखी सांगा.