तिसऱ्या भागातला भाचा

आमचे विठ्ठलमामा माणसाला नावानं नव्हे, भागानं ओळखतात. तलवारबाजीच्या एका व्हिडिओ गेमचे चार भाग निघालेत, दर भागाला नवा नायक. धर्माबादेत मिरचीची आडत चालवणारा हा साठीचा माणूस त्या चौघांना सोयरिकीला आलेल्या मुलांसारखं पारखत बसतो.

"पयला लई तापट. दार वाजवत न्हाई, लाथच घालतो. दुसरा शहाणा, आधी घोड्याला पाणी पाजतो, मग लढतो. चौथा गोड बोलून मारतो."

मी म्हणायचो, मामा, शेवटी चौघेही मारतातच की! मामा उखडायचे. "मारणं सोड. वागणं सांग!" बँकेचा साहेब चहा पिऊन गेला तरी मागे शेरा एकच, "पयला हाय."

तिसऱ्याबद्दल मात्र ते जरा हळू बोलत. "मनानं चांगला. पण गर्दी अंगावर आली की सोबतीणीला पुढं करतो."

गेल्या महिन्यात उमरीला माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो. वडील नाहीत, त्यामुळे मोठेपणा मामांकडे. मुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन झाला, आणि मुलीच्या वडिलांनी रीतीप्रमाणे विचारलं, "पोराचा स्वभाव कसा हाय?"

इथे वरपक्षानं 'गरीब गाय हाय' म्हणायचं असतं. मामा म्हणाले, "तिसऱ्या भागातला हाय."

बैठकीत सगळे एकमेकांकडे बघू लागले. मामांनी मग फोड करून सांगितलं. "निर्व्यसनी हाय, कष्टाळू हाय. पण चुलत्यासंगं वाटणीचं भांडण झालं, तवा ह्यो आत जाऊन बसला. माझी बहीण एकटी बोलली."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. आतल्या दाराशी ती मुलगी उभी होती आणि माझी मान वर होईना. खोटं आहे म्हणावं, तर ते खरं होतं.

"लाज आणली तुम्ही!" बसस्टँडवर मी ओरडलो.

"आता आलास पुढं. ते बी माझ्यावरच," मामा म्हणाले. त्यांची एकुलती एक मुलगी, शकूताई, नवऱ्याचा मार खाऊन दिवाळीत माहेरी परतली होती. त्याबद्दल मामा कधीच बोलले नव्हते.

"शकूच्या बैठकीत म्या बी हेच इचारलं. गरीब गाय हाय, म्हणले. शेत बघितलं, नोकरी बघितली, उठलो. आता तिला तोंड दाखवायची लाज वाटती रं. घरात कुणाशी बोलत न्हाई, आपली गेम खेळत बसती. म्या बाजूला बसतो. कसा वाटतो गं ह्यो, म्हणून इचारतो. तवा बोलती."

मान खाली घालून मी त्यांची पिशवी उचलली. तेवढ्यात बस लागली. पायरीवर पाय ठेवून मामा मागे वळले.

"पाचवा भाग कधी येतो रं? चौथा संपत आलाय."