अंबादासमामांचं सुतक

दाढीचे खुंट वाढवून अंबादासमामा दुकानाच्या गादीऐवजी पायरीवर बसलेले दिसले, की भवानी पेठेतली जुनी गिऱ्हाइकं काही विचारत नाहीत. नवं एखादं मात्र आवाज उतरवून विचारतं, "घरातलं कोण गेलं काय, मामा?"

"लंडनची एक म्हातारी," मामा सांगतात. "बोटीवर वारली. पोराची भेट न्हाय झाली बघा."

गिऱ्हाईक हळहळतं. ती म्हातारी कादंबरीतली होती, हा तपशील मामांना सांगण्यासारखा वाटत नाही.

मामा पुस्तकातल्या माणसांचं सुतक पाळतात. त्याचे नियम त्यांनीच केलेत. मुख्य माणूस गेला तर तीन दिवस दाढी नाही, गोड नाही, मार्कंडेयाच्या देवळात पाऊल नाही. इकडच्या-तिकडच्या माणसाला डोक्यावरून अंघोळ. खलनायक मेला तर नळावर नुसते पाय धुवायचे. "कसाबी असला तरी माणूसच की," म्हणतात. एका कादंबरीत भूकंपात अख्खं गाव गेलं, तेव्हा मामी पदर खोचून आमच्या दारात आल्या होत्या. "अय्यो देवुडा! गावाचं सुतक म्हणं! आता दुकानाला कुलूपच लावू काय, सर?"

मामांचं टॉवेल-चादरींचं छोटं दुकान आमच्या घरासमोर आहे. मागच्या खोल्यांत त्यांचं घर. दुकानात खिळ्याला एक जुना टॉवेल कायम टांगलेला असतो. किंमत विचारली की उत्तर ठरलेलं, "विकायचा न्हाय."

"मग टांगलाय कशाला?"

"वाळत घातलाय."

आम्ही इथे राहायला आलो तेव्हाही तो वाळतच होता. दर सोमवारी मामा तो धुतात आणि पुन्हा तिथेच टांगतात.

मामा तेलुगू शाळेत शिकले. मराठी अक्षर लावून वाचतात, इंग्रजी नाही. त्यांना या परदेशी गोष्टी सांगायची ती माझी बायको, सुनंदा. ती इंग्रजीची शिक्षिका होती. शाळेतून येताना मामांच्या पायरीवर टेकायची आणि हातातली कादंबरी आदल्या दिवशी थांबली तिथून पुढे सांगायची. मामा घड्या घालत ऐकायचे. मी खिडकीत माझं पुस्तक घेऊन बसलेला असायचो. मला तिचे हातवारे तेवढे दिसत.

तिची शेवटची कादंबरी जपानी होती, इंग्रजीत आलेली. काळोखी आणि विचित्र. एक माणूस गावातल्या सार्वजनिक स्नानगृहात अंघोळीला जातो आणि बाहेर येतच नाही. दारात त्याच्या चपला राहतात, पण रोज सकाळी त्यांची तोंडं वेगळ्या दिशेला असतात. मालक म्हणतो, असा कोणी आलाच नव्हता. आत वाफ, आणि वाफेत माणसांचे नुसते आवाज. बायको रोज संध्याकाळी तिथे कोरडा टॉवेल ठेवून येते. सकाळी तो ओला मिळतो.

"टॉवेल कसला? टर्किश का साधा?" मामांनी विचारलं होतं. ते लेखकानं लिहिलेलं नाही म्हटल्यावर ते चिडले. "एवढी मोठी भानगड टॉवेलवर चाललीय आन् हा गडी टॉवेलच सांगत न्हाय?" सुनंदा घरी येऊन हे सांगताना इतकी हसली की तिला खोकला लागला.

पुस्तक निम्म्यावर आलं आणि ती आजारी पडली. मामांच्या दुकानातली निळ्या किनारीची चिंधी खुणेला घालून तिनं ते उशाशी ठेवलं. ते तिथेच राहिलं. ती राहिली नाही.

दिवस झाले, पाहुणे गेले. तीन-चार महिन्यांनी एका सकाळी मामा आले. दाढी छातीकडे निघालेली. मला भरून आलं. म्हटलं, "मामा, तिच्यासाठी किती दिवस ठेवणार? काढा आता."

"बाईंची दहाव्यालाच काढली की, सर. ही त्या जपानवाल्याची."

"तो गेला का?"

"तेच तर इचारायला आलोय! मेला असंल तर तीन दिवस धरतो आन् मोकळा होतो. जिता असंल तर आत्ता न्हाव्याकडं जातो. पर हे असं मधल्यामधी कसं ऱ्हायचं माणसानं?"

बघतो म्हणालो, पण पुस्तक उघडलं नाही. चिंधीच्या अलीकडची पानं सुनंदाच्या हाताखालून गेलेली होती. पलीकडच्या पानांना तिचा हात लागलेला नव्हता. तिथे एकट्यानं जायची मला भीती वाटत होती.

शेवटी मामी आल्या. नातीचा साखरपुडा ठरला होता. "पाव्हणे इचारतील, हे कोणाचं सुतक, तर काय सांगू? जपानचा एक बुवा अंघोळीला गेलाय म्हणून? सर, पाया पडते, तुमी ते पुस्तक संपवा की!"

म्हणून मी चिंधी उचलली. वाचलं. वाटलं होतं तेवढं अवघड गेलं नाही. दारापलीकडे कोणीतरी वाट पाहतंय हे माहीत असलं की वाचता येतं.

दुसऱ्या दिवशी मी पायरीवर टेकलो. मामांनी हातातलं काम ठेवलं.

"ते स्नानगृह पाडतात," मी सांगितलं. "त्या जागेवर लोक गाड्या उभ्या करू लागतात. तरी बायको रोज तिथेच टॉवेल ठेवते. शेवटच्या पानावर सकाळी ती जाते, तर टॉवेल कोरडा असतो."

"मेला असं लिवलंय?"

"नाही."

"ती रडली?"

"तेही लिहिलेलं नाही. टॉवेलची घडी घालते आणि घरी घेऊन जाते. संपलं."

मामा उठले आणि खिळ्यावरचा टॉवेल काढला. आतून येणाऱ्या मामी दारातच थबकल्या. काठाला काठ जुळवून मामांनी घडी घातली, गादीखालच्या कप्प्यात ठेवली आणि आत गेले.

"तम्मुडूचा हाय तो," मामी हळूच म्हणाल्या. "यांचा धाकटा भाऊ. तवा मी नवी नवरी होते. भिवंडीला मागावर कामाला जातो म्हणाला, अंघोळ केली, टॉवेल खिळ्याला टांगला आन् गेला. मेला म्हणावं तर बातमी न्हाय, हाय म्हणावं तर पत्र न्हाय. घरच्यांनी सुतकाचा इषय काढला की हे भांडायला उठायचे."

आतून पाण्याचा आवाज येत होता. मामा डोक्यावरून अंघोळ करत होते. कोणाच्या नावानं, ते मी विचारलं नाही.

साखरपुड्याला मामांचे गाल तुळतुळीत होते. पेढ्यांचं ताट माझ्यापुढे धरून ते म्हणाले, "सर, बाईंचं आणखी कुटलं अर्धं ऱ्हायलंय का, कपाटात बघा की."

पाहिलं. आणखी दोन पुस्तकांत निळ्या चिंध्या निघाल्या. संध्याकाळी आता मी खिडकीत बसत नाही, पायरीवर टेकतो. तिच्यासारखे हातवारे मला जमत नाहीत. ते मी मामांना सांगितलंही.

"चालंल की," मामा म्हणाले. "फकस्त कोण मरणार असंल तर आदी सांगत जावा. दाढी कालच केलीय."