आबांचा हात कोणाच्या वाट्याचा

हिंगोलीत प्रेमानंदचं फोटो फ्रेमचं दुकान होतं आणि प्रेमानंदला एक तत्त्व होतं. दुकान लहान असल्यामुळे तत्त्वाची फार अडचण व्हायची. तत्त्व असं, की तुकड्याचं काम घ्यायचं नाही. नुसती काच बदलून द्या, नुसती मागची कडी लावा, वाळवीनं एकच पट्टी खाल्लीय तेवढीच टाका, असं म्हणत कोणी आलं, की प्रेमानंद भिंतीकडं बोट दाखवायचा. तिथं त्यानं सोनेरी चौकटीत लावून ठेवलं होतं : 'येथे पूर्ण फ्रेम करून मिळेल. अर्धवट काम सांगू नये.'

"मानूस अर्धी दाढी करून घेतो का?" हा त्याचा ठरलेला प्रश्न.

"न्हाई घेत. पन सलूनवाल्याकडं गिऱ्हाईक तरी येतं," हे त्याच्या बायकोचं, शिवकन्येचं, ठरलेलं उत्तर. ती गल्ल्यापाशी बसून चंदनाचे हार विकायची. "लोकायचे फोटो आता मोबाइलमधी राहतात. भिंतीवर यायला मानसाला मरावं लागतं. आन् तुमी कडी लावून द्यायला नाही म्हणता."

त्या दिवशीही हे एवढं बोलणं होऊन दुकान शांत झालं होतं. तेवढ्यात दारात दोन माणसं आडवी झाली. दोघांच्या मध्ये एक मोठी फ्रेम होती. एकानं डावीकडून धरली होती, एकानं उजवीकडून, आणि दोघांपैकी कोणीच सोडायला तयार नसल्यामुळे ती दारातून आत येत नव्हती. शेवटी शिवकन्येनं सांगितलं, की तिरपी करा. तेव्हा कुठं जमलं.

हे दोघे पुसेगावचे सख्खे भाऊ. थोरला रणजीत गावात शेती बघायचा. धाकटा बंटी लेकरांच्या शाळेसाठी हिंगोलीत राहायचा. बंटी हे नाव त्याला लहानपणी लाडानं मिळालं होतं, ते काढून घ्यायचं सगळे विसरले आणि आता त्याला टक्कल पडलं होतं. फोटोत त्यांचे आई-वडील होते, दोन खुर्च्यांवर शेजारीशेजारी.

"वाटणी झाली आमची," रणजीत म्हणाला. "आबा माझ्याकडं, माय ह्याच्याकडं. फोटो एकच हाय. मधून कापून द्या."

प्रेमानंदनं भिंतीकडं बोट दाखवलं.

"अर्धवट कुठं हाय?" बंटी म्हणाला. "दोन अर्धे मिळून पुरं काम होतं की."

यावर प्रेमानंदला तत्त्वात काहीच सापडेना. त्यानं दुसरी वाट धरली. "कापायचा काहून? मोबाइलनं फोटो काढा, दोन बनवून देतो. दोघांकडं दोघं राहतील."

"मंग वाटणी कशाची झाली?" रणजीतनं विचारलं. "बराबर वाटा पायजे. पंचांसमोर ठरलंय."

"आन् म्हातारा-म्हातारी? त्यांना चालतं का?"

दोघा भावांनी एकमेकांकडं पाहिलं. एवढ्या वाटणीत हा मुद्दा कोणाच्याच डोक्यात आला नव्हता.

"ते काय समोरच बसले," बंटीनं हात केला. समोरच्या चहाच्या टपरीवर सोनाजी आणि पार्वतीबाई बाकावर बसले होते. सोनाजींच्या पायाशी एक पिशवी, पार्वतीबाईंच्या पायाशी एक पिशवी. फोटो कापून झाला, की आबा रणजीतबरोबर पुसेगावला परत जाणार होते आणि माय बंटीच्या मागं, चार गल्ल्या पलीकडं. दोघं एकाच कपातून चहा घेत होती. निम्मा बशीत, निम्मा कपात.

"मी न्हाई करत," प्रेमानंद म्हणाला.

"करतात, करतात," शिवकन्या म्हणाली. "ठेवा टेबलावर."

प्रेमानंदनं चौकट उचकटली. चारी पट्ट्या सुट्या झाल्या, पुठ्ठा निघाला. फोटो मात्र निघेना. ओल धरून तो काचेला असा चिकटला होता, की ओढला असता तर आबांचं नाक काचेवरच राहिलं असतं. म्हणजे आता काचेसकट कापणं आलं. प्रेमानंदनं मोजपट्टी ठेवली, मध्य काढला आणि काचेवर उमटणाऱ्या पेन्सिलनं वरून खाली रेघ मारली.

"थांबा," रणजीत म्हणाला. "हात."

सगळे वाकले. फोटोत आबांचा उजवा हात मायच्या खांद्यावर होता. रेघ मनगटावरून जात होती.

"आबा माझ्या वाट्याचे हायेत, तर हात माझ्याकडं यायला पायजे."

"हात मायच्या खांद्यावर हाय," बंटी म्हणाला. "खांदा माझा हाय. शेताचा धुरा जिथं हाय तिथं हाय. तुझ्या शेतातलं झाड माझ्या शेतात वाकलं, तर फांदी कोनाची?"

"झाड ज्याचं त्याची!"

"सावली पडून माझं पीक गेलं त्याचं काय?"

प्रेमानंदनं रेघ हाताच्या कडेनं वळवून बघितली. हात आबांकडं आला, पण मायचा खांदा गेला, आणि खांद्याबरोबर कानातलं गेलं. बंटी म्हणाला, सोनं वाटणीत माझ्याकडं आलंय. मग कानातलं वाचवत रेघ खाली आणली, तर मायचा पदर आबांच्या गुडघ्यावर पडलेला निघाला. हे अतिक्रमण आजवर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. रणजीत खूश झाला.

"पदर तू ठेव, हात मला दे."

"हातात घड्याळ हाय. पदरात काय हाय?"

"घड्याळ बंद हाय रे ते! फोटोवाल्याचं व्हतं!"

रेघा पुसून पुसून काचेवर आता धुकं झालं होतं. टपरीवरचे दोघं-तिघं चहाचे पेले घेऊन दारात येऊन उभे राहिले. त्यातल्या एकानं, भूमापन कार्यालयात अर्ज देऊन मोजणी आणायचा सल्ला दिला. प्रेमानंदला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की माणसानं कडी लावून द्यावी. कडीला नातेवाईक नसतात.

"सरळ मधून घेतो," तो म्हणाला. "हात ज्याला जेवढा मिळंल तेवढा."

त्यानं काच कापायचं कटर वरून खाली सरकवलं, काच टेबलाच्या कडेला आणली आणि खालून टकटक केली. जुनी काच. ती रेघेवरून वीतभर नीट तडकली, आबांच्या मनगटाशी थबकली आणि तिथून खाली घसरून आडवी फुटत गेली. डावीकडून उजवीकडं, दोघांच्या कमरेवरून, सरळ.

"धरा!" प्रेमानंद ओरडला.

दोघांनी धरलं. रणजीतनं वरचा भाग धरला, बंटीनं खालचा, आणि वाटणीच्या सवयीनं दोघांनीही आपापल्या बाजूला ओढलं. वरचा तडा कागदानं धरून ठेवला, कमरेपाशी मात्र तो टर्रकन फाटला.

रणजीतच्या हातात आबा आणि माय दोघंही आली, कमरेपर्यंत. बंटीच्या हातात चार पाय आले.

शिवकन्येनं तोंडाला पदर लावला.

"तोंडं त्याच्याकडं गेली!" बंटी म्हणाला.

"आरं, पन पाया पडायला पाय लागतात," रणजीत समजूत घालत म्हणाला. "दसऱ्याला मी काय करू, डोक्याला हात लावू का मायच्या?"

काच फुटल्याचा आवाज ऐकून पार्वतीबाई रस्ता ओलांडून आल्या. मागून सोनाजी, दोन्ही पिशव्या घेऊन. पार्वतीबाईंनी चष्मा नीट केला आणि आधी वरचा तुकडा बघितला, मग खालचा.

"काहून भांडून राहिले?"

"हातावरून," बंटी म्हणाला. "आबांचा हात कोनाकडं जायचा ते ठरंना."

"ह्यो हात?" पार्वतीबाईंनी काचेवर बोट ठेवलं. "ह्यो फोटोवाल्यानं ठिवायला लावला व्हता. त्याच्या आदी ह्यांनी कवा ठिवला न्हाई, त्याच्यामागूनबी न्हाई."

"त्यो ठिवा म्हनला, ठिवला," सोनाजी म्हणाले. "पुन्हा कोनी म्हनलंच न्हाई."

पार्वतीबाईंनी दोन्ही तुकडे मुलांच्या हातून काढून घेतले, नीट जुळवले आणि शिवकन्येनं दिलेल्या वर्तमानपत्रात बांधले. मग त्यांनी स्वतःची पिशवी उघडून त्यात ते पुडकं ठेवलं. सोनाजींची पिशवीही उघडली. तिच्यातलं धोतर, टॉवेल, तंबाखूची डबी काढून स्वतःच्या पिशवीत कोंबली. रिकामी पिशवी घडी करून सगळ्यात वर.

"आमी आखाड्यावर राहतो," त्या म्हणाल्या. "शेतातल्या खोलीत. दोघं."

"माय, तिथं लाइट न्हाई!"

"सोलारचा दिवा हाय."

"पन लेकरायचे डब्बे कोन करंल?" बंटी म्हणाला.

"आन् आबा, म्हशीचं कोन बघंल?" रणजीत म्हणाला.

"म्हस ह्यांच्याकडं घेऊन या," पार्वतीबाईंनी प्रेमानंदकडं बघितलं. "ह्ये मधून कापून देतात."

प्रेमानंदचं तोंड उतरलं. काहीतरी भरपाई करावी म्हणून तो म्हणाला, "आजी, फोटो ठेवून जा. मी जोडून, नवीन काच टाकून देतो. आख्खी फ्रेम. माझ्याकडून."

"फ्रेम काहून लागते, बाबा? मला ह्यो मानूस रोज दिसून राहिला."

सोनाजींनी पिशवी उचलली. पुसेगावची काळी-पिवळी जीप कोपऱ्यावर भरत होती. रस्ता ओलांडताना समोरून टेम्पो आला, तेव्हा सोनाजींनी पार्वतीबाईंच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना थांबवलं. टेम्पो गेला तरी हात काढायचं कोणी म्हटलं नाही.

दोघे भाऊ दुकानातच उभे राहिले. माय गेली, आबा गेले, फोटो गेला. टेबलावर चौकटीच्या चार पट्ट्या राहिल्या होत्या, दोन लांब, दोन आखूड. दोघांची नजर एकदमच तिथं गेली.

"सागवान हाय," बंटी म्हणाला.

प्रेमानंदनं काही न विचारता रणजीतला एक लांब आणि एक आखूड पट्टी दिली, बंटीला एक लांब आणि एक आखूड. दोघांनी एकमेकांच्या पट्ट्या टेकवून लांबी बघितली. बराबर होती. भिंतीवर सोनेरी चौकट असूनही प्रेमानंदला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की अर्धवट कामातही एक समाधान असतं.

दारापर्यंत गेलेला रणजीत वळला.

"आन् खिळे?"

प्रेमानंदनं टेबलावरचे गंजलेले खिळे गोळा केले आणि मोजले. सात होते.

त्यानं एक हळूच खिशात टाकला.