दत्तूनानांच्या वाट्या

शेजारी एकमेकांकडे विरजण मागतात. आमचे शेजारी दत्तूनाना विरजण मागतात आणि पाठोपाठ विचारतात, "एखादी सेफची गोळी उरलीय का घरात? अर्धी असली तरी चालंल."

सेफची म्हणजे सेफिक्झिम, सेफपोडॉक्झिम, सेफुरॉक्झिम वगैरे. खोकला छातीत उतरला की डॉक्टर लिहून देतात त्या अँटिबायोटिक गोळ्या. आमच्या बेलापुरात त्या घरोघरी सापडतात, कारण ताप उतरला की गोळी बंद आणि पाकीट फ्रिजवर. नानांना ही अवघड नावं तोंडपाठ आहेत. "समद्या एकाच भावकीतल्या," ते म्हणतात. "पेनिसिलिन ह्यांचं चुलतघर. पर घर येक असलं म्हनून समदे सारखंच कष्टाळू असत्यात व्हय?"

कोण कष्टाळू आणि कोण आळशी हे शोधण्याची नानांची पद्धत त्यांच्या नोकरीतून आलेली. त्यांचा जन्म दूध संकलन केंद्रात दूध तपासण्यात गेला. कास सुजलेल्या गाईला अँटिबायोटिक टोचलं की काही दिवस तिचं दूध केंद्रात घालायचं नसतं. तरी लोक घालायचे. संशय आला की नाना त्या दुधात विरजण टाकून ठेवायचे. औषधाचं दूध विरजत नाही. मग त्या गड्याला बाजूला घ्यायचे.

"गाईला काय टोचलं?"

"काय न्हाई नाना, देवाशपथ."

"देवाला कशाला मधी घेतो? इरजान सांगतंय की."

आता निवृत्तीनंतर नानांनी हीच परीक्षा माणसांच्या औषधाला लावली. औषधानं दह्याचे जंतू मरतात, तर खोकल्याचे का मरणार नाहीत? ज्या गोळीनं दूध अजिबात विरजणार नाही ती सगळ्यात जालीम. त्यांच्या खिडकीत बायकोच्या, सुमनकाकूंच्या, स्टीलच्या वाट्या ओळीनं मांडलेल्या असतात. प्रत्येकीत कोमट दूध, विरजण आणि एकेका गोळीची पूड. एका वाटीत गोळी नसते. तिला ते 'साक्षीदार' म्हणतात. साक्षीदार वाटीत दही लागलं नाही तर सगळा खटला रद्द.

मी पतसंस्थेत हिशेबाला आहे. प्रमाण चुकलेलं मला बघवत नाही. एकदा मी म्हणालो, "नाना, शंभर मिली दुधात तुम्ही अख्खी गोळी टाकलीत. काकूंचं वजन बेचाळीस किलो. एवढी दाट गोळी त्यांच्या अंगात कुठून होणार?"

नानांनी वाटी मोरीत ओतली. "हे आधी सांगायचं न्हाई व्हय? लई दूध वाया गेलं," म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून चिमूटभर पूड टाकू लागले.

तेव्हा गंमत झाली. अख्ख्या गोळीनं सगळ्याच वाट्या पातळ राहात होत्या. चिमटीनं मात्र त्यांच्यात फरक पडला. काहींत दही लागलं, एकीत अर्धवट लागलं, एकीत दूध तसंच्या तसं. मला वाटलं होतं, हा म्हातारपणाचा चाळा आहे. आता मीही सकाळी चहाच्या आधी त्यांच्या खिडकीशी जाऊन वाट्या हलवून बघू लागलो. आमच्या हिनं विचारलं, "तुम्हीपण लागलात का त्या नादाला?" मी म्हणालो, "नुसतं बघतोय."

या सगळ्याच्या मुळाशी सुमनकाकूंचा खोकला होता. नानांची आणि आमची भिंत एकच. काकू पहाटे खोकायला लागल्या की आम्हालाही जाग येते. मुलगी नाशिकला दिलेली, घरात दोघंच. काकूंनी भावकीतल्या दोन तऱ्हेच्या गोळ्या खाऊन पाहिल्या होत्या. खोकला चार दिवस दबायचा आणि परत यायचा. त्यात त्या वाळत चालल्या होत्या.

जिंकलेल्या वाटीची गोळी आणायला नाना औषधाच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "चिठ्ठी आणा." नाना म्हणाले, "वाटी आनतो." तो ऐकेना. शेवटी मी नाना-काकू दोघांना श्रीरामपूरच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. नानांनी दोन वाट्या झाकण लावून, फडक्यात बांधून बरोबर घेतल्या होत्या.

बाई तरुण होत्या. हसल्या नाहीत. दोन्ही वाट्या तिरप्या करून बघितल्या आणि विचारलं, "एकीत गोळी न टाकता ठेवलं होतं का?"

नाना माझ्याकडे बघून म्हणाले, "बघा. इचारलं का न्हाई?"

"आजोबा, वाटी दह्याबद्दल बरोबर सांगतेय," बाई म्हणाल्या. "पण दह्याचे जंतू वेगळे आणि छातीतले वेगळे. छातीतसुद्धा एकच जात नसते. ही गोळी काहींवर चांगली चालते, काहींवर अर्धवट, काही हिला मुळीच जुमानत नाहीत. आणि साधा सर्दी-खोकला बहुतेक वेळा विषाणूंचा असतो, तिथे कुठलीच सेफ चालत नाही. आजींच्या छातीत कोण बसलंय ते आधी बघू. छातीचा फोटो काढू, बेडका तपासू."

बेडका म्हटल्यावर नाना उठले. काकूंना बाहेर बसवून परत आत आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "ते नगं. दुसरी गोळी द्या. ह्या भावकीतली नसली तरी चालंल."

आमच्याकडे बेडका तपासायचा म्हणजे क्षयाचा संशय, हे मला ठाऊक होतं. पण नानांनी सगळ्या गावाचं दूध कुणाची भीड न ठेवता तपासलं होतं, आणि या एका नमुन्याला ते भीत होते. इतके दिवस खिडकीत वाट्या का मांडल्या जात होत्या, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

बाईंनी त्यांना बसवलं. "आजोबा, क्षय निघाला तरी औषध आहे. न बघता मी गोळी देणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना नमुन्याची डबी बर्फाच्या थर्मासात घालून, मांडीवर धरून एसटीनं गेले. आठवडाभर ते कुणाकडे गोळी मागायला गेले नाहीत.

क्षय नव्हता. फुप्फुसाचा एक कोपरा पूर्वीच खराब झालेला होता आणि तिथे बसलेले जंतू तोंडानं घ्यायच्या कुठल्याही सेफला दाद देणारे नव्हते. बाईंनी वेगळ्या घराण्यातली गोळी दिली आणि बजावलं, "बरं वाटलं तरी शेवटची गोळी संपेपर्यंत थांबायचं नाही." काकू म्हणाल्या, "हे हायेत की पहारा द्यायला."

गोळ्या निम्म्या झाल्या असतील. एके दिवशी मला जाग आली तेव्हा चांगलं उजाडलं होतं. भिंतीपलीकडून काही ऐकू आलं नव्हतं. बाहेर आलो तर नाना शाल पांघरून ओट्यावर बसलेले. डोळे तांबारलेले.

"काकूंना कसं आहे?" मी जरा घाबरतच विचारलं.

"लई ब्येस. रातभर खोकली न्हाई."

"मग तुम्ही का जागे?"

"तेच तर." ते रस्त्याकडे बघत बोलले. "खोकायची तवा कळायचं, हाय म्हनून. आता काय आवाजच न्हाई. उठायचं, नाकापाशी हात धरायचा, श्वास लागला की परत पडायचं. असंच चाललंय." मग आवाज आणखी खाली आणला. "तिला बोलू नका. म्हनंल, म्हातारा येडा झाला."

आतून काकूंचा आवाज आला. "च्या निवतोय. आन् आज रातीला तरी गुमान पडा. बर्फागत हात लावत बसता नाकाला, मला कुठली झोप?"

नाना माझ्याकडे न बघताच उठले. शालीखाली दोन्ही हात एकमेकांवर चोळत आत गेले.